बोळाची पुडी

४ मार्च

चि.

चि. लिहिलं, पुढे सवयीनं सौ. लिहायला गेले आणि पेन अडलं. ते अक्षर तुझ्या नावामागून गेल्याला दोन वर्षं होत आली. आता तुला काय म्हणायचं? सून म्हणावं तर तू सून राहिली नाहीस. मुलगी म्हणावं तर तुला रुचेल की नाही, कोण जाणे. म्हणून नुसतं चि. ठेवलंय. पुढची जागा तू भर.

माझ्या चिरंजीवांनी तुला पत्र लिहायचं नाही म्हणून बजावलंय. त्यांनी परगावी नवा संसार थाटलाय, आणि आईनं जुन्या सुनेशी सूत ठेवलेलं नव्या घरात बरं दिसत नाही म्हणे. मी हो हो म्हटलं. माझं हो हो तुला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येते, कारण पोटात मावत नाहीये. मास्तर सफरचंद खातात. चावून.

मास्तर म्हणजे बोळाच्या तोंडाशी जो वृद्धाश्रम आहे, तिथले. तू गेल्यावर राहायला आले. तोंडाचं पार बोळकं. नवी कवळी केली तर ती हिरडीला घासून घासून आत चट्टे पडले. पाणी पिताना डोळ्यांत पाणी. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी दोनदा घासून दिली, मलम दिलं, पण गुण येईना. मग एक दिवस मास्तर काठी टेकत माझ्या काष्ठौषधींच्या दुकानाच्या पायरीशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काही जुनंपानं असेल तर बघा."

हिराबोळाचा अर्क दिला. तू शिकलीस तसाच केलेला. खडे निवडून, कुटून, स्पिरिटमध्ये भिजवून, रोज हलवून, गाळून. कोमट पाण्यात थेंब टाकून गुळण्या, आणि कापसाच्या बोळ्यानं चट्ट्यावर लावायचा. आठवतं का, तू हसून हसून लोळायचीस? "बोळातल्या दुकानातला बोळ बोळ्यानं बोळक्यात लावा." गिऱ्हाइकासमोर म्हणायचीस, आणि मी वरून डोळे वटारायचे आणि आतून हसायचे.

आठवड्याभरात चट्टे भरले. आणि काल डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. पदर खोचूनच उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "मास्तरांना काय दिलंत?"

मी म्हटलं, "झाडाचा डिंक."

"तो डिंक मला दाखवा."

दाखवला. बाईंनी खडा उजेडात धरला, हुंगला, जिभेला लावला आणि असं तोंड केलं की मला त्या एकदम आवडल्या. मग स्टुलावर बसल्या आणि तासभर हलल्या नाहीत. झाड काटेरी असतं का, चीक आपोआप गळतो की खाच पाडावी लागते, जखमेवर का चालतो, हिरडी आवळते ती कशानं. जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, जे ठाऊक नव्हतं ते "ठाऊक नाही" म्हणून सांगितलं. जाताना म्हणाल्या, "आश्रमातल्या सगळ्यांनाच द्यायचा का? माझ्या देखरेखीखाली?"

अगं, एवढ्या वर्षांत कुठला डॉक्टर माझ्या दुकानाची पायरी चढला होता? बघून बघून नाकं मुरडायचे. मी एवढी खूश झाले की दुपारचा भात करपला आणि तोही मी आवडीनं खाल्ला.

तुला परत बोलवायला लिहीत नाहीये हो. नुसती बातमी. पण बातमीला उत्तर देण्याची रीत आहे.

तुझी,
(ही जागाही तूच भर)

११ मार्च

चि.

उत्तर नाही. टपाल हरवलं असं मी धरून चालते.

इकडे मात्र घोडं पुढे दामटलंय. डॉक्टरीणबाईंनी आश्रमातल्या सगळ्यांची तोंडं तपासली. ज्यांची जखम बरेच दिवस भरत नाही त्यांना आधी मोठ्या इस्पितळात पाठवणार, बाकीच्यांना माझा अर्क. हे मला फार पटलं. डिंक म्हणजे काही जादू नव्हे, आणि जो वैद्य सगळ्यावर एकच बाटली देतो त्याच्या दारात उभं राहू नये, हे मीच तुला सांगायचे. पंचवीस तारखेला आश्रमाच्या हॉलमध्ये बसून बाई एकेकाला बाटली देणार आणि कसं वापरायचं ते समजावणार. शेजारी मी. खुर्चीवर. साडी कुठली नेसायची ते ठरतंय.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात बोलवत नाही म्हटलं ते खोटं. बोलवतेय. घरात नको, घराला तू विटली असशील, आणि त्यात तुझी चूक नाही. दुकानात ये. तू आमच्याकडे लग्न होऊन आलीस आणि पहिल्याच आठवड्यात डोळे मिटून गुग्गुळ, ऊद, राळ, बोळ ओळखून दाखवलेस, तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं की पोराला बायको मिळाली ते त्याचं नशीब, पण दुकानाला नाक मिळालं ते माझं. पोरानं त्याचं नशीब सांभाळलं नाही. माझं का जावं? सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तसं झालं. तू गेलीस ती माझ्याशीही एक शब्द न बोलता. मुलाची आई म्हणून मलाही त्याच पारड्यात टाकलंस. टाक बाई. पण पारडं कधीतरी रिकामंही करावं.

तू साबणाच्या कारखान्यात लागलीस असं कानावर आलं. दिवसभर कागदाच्या पट्ट्या हुंगून हा गुलाब बरा की तो, ते सांगतेस म्हणे. असल्या नाकाला साबण म्हणजे गवयाला दारावरची घंटा वाजवायला ठेवण्यातली गत झाली. राग मानू नकोस. मान, पण तसं लिहून कळव.

मालाची काळजी नाही. घाऊकवाल्याला फोन करून बोळ मागवलाय, परवा येतोय. तयार पूड मागवली. मोठं काम आहे, एवढं कुटत कोण बसेल. तुझी भुवई वर गेलेली मला इथून दिसते. पूड कधी घ्यायची नाही, खडाच घ्यायचा, खड्याला चेहरा असतो, पुडीला नसतो, हे सगळं माझंच शिकवणं. पण लग्नघाईत कुणी गहू निवडत बसत नाही.

उत्तराची वाट बघते,
तीच

१९ मार्च

चि.

झाला. अर्क तयार झाला. काचेच्या बरण्यांची रांग लागली आहे आणि मी तिच्यापुढून उगाच फेऱ्या मारते आहे. सगळा बोळ बघायला येऊन गेला. समोरचा शिंपी म्हणाला, "काकू, आता तुमच्या दुकानाला पाटी मोठी लागणार." मी म्हटलं, "पाटी आहे तेवढी पुरे, गिऱ्हाईक मोठं होऊ दे."

रंग काय सुरेख आलाय. गडद, चहाच्या वरताण. एकच गंमत. दर खेपेला अर्काचे थेंब पाण्यात टाकले की पाणी दुधासारखं गढूळ होतं ना, या खेपेला होत नाही. पिवळंधमक आणि स्वच्छ राहतं. माल उंची असणार. घाऊकवाल्याकडे आता नवा माणूस आलाय, परप्रांतातला, फोनवर फार अदबीनं बोलतो. "बोळ ना आजी? आमच्याकडे उत्तम बोळ मिळतो," म्हणाला. कडू विचारशील तर जहर कडू. माझ्या हाताला धरलेला कडूपणा साबणानं धुऊन जात नाही, तुझ्या साबणानंसुद्धा.

वासाचं म्हणशील तर मला जरा सर्दी आहे. नाक चोंदलंय. वास छान असणारच.

मास्तरांना धीर कसला. काल येऊन आपली बाटली आधीच घेऊन गेले. म्हणाले, "मी पहिला पेशंट, माझा पहिला मान." दिली. बाकीच्यांना पंचवीसला.

सोबत चिमूटभर पूड पाठवते. तुझं उत्तर येत नाही तर निदान तुझ्या नाकाशी तरी बोलते. कागदाच्या पुडीत आहे, जपून उघड, पाकिटात सांडू देऊ नकोस. हुंग आणि सांग, तुझ्या कारखान्यात असं काही आहे का.

मी फार आनंदात आहे. एवढा आनंद एकटीनं करायचा म्हणजे जरा जास्तच होतो.

तीच

२४ मार्च

चि.

आपण काल बोललो, तरी लिहिते. बोललो म्हणजे तू बोललीस आणि मी फोनची वायर बोटाला गुंडाळत ऐकत राहिले. मला त्यातलं सगळं पुन्हा कागदावर हवं आहे.

मी हॅलो म्हटलं. तू दोन वर्षांनी पहिलं काय बोललीस, तर, "ही पुडी कुणाकुणाला दिलीत?" आवाज ओळखायला मला क्षणसुद्धा लागला नाही, आणि मी मूर्ख, आनंदानं म्हटलं, "आवडली का?"

"हा हिराबोळ नाही. काळा बोळ आहे. कोरफडीचा रस आटवलेला. जुलाबाचा. आणि पाणी दुधाळ होत नाही हे लिहिताना तुमचा हात थांबला कसा नाही?"

बोळ मागितला, बोळ आला. इकडे नुसतं बोळ म्हटलं की हिराबोळ, त्या नव्या माणसाच्या गावाकडे नुसतं बोळ म्हटलं की काळा बोळ. दोघंही आपापल्या ठिकाणी खरे. खडा असता तर आंधळ्यानंही ओळखला असता, एक लालसर, धुरकट, दुसरा काळा, काचेसारखा चकाकणारा. पण पूड ती पूड. कडू दोन्ही.

मग तू विचारलंस, "वास घेतला नव्हता?"

आणि मी सांगून टाकलं. सर्दी वगैरे काही नाही. गेल्या थंडीत मोठा ताप आला होता, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. उदबत्ती विझली की जळतेय ते डोळ्यांनी बघावं लागतं. दुकानात उभी असते आणि कुठल्याच बरणीला काही म्हणायचं नसतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, चिरंजीवांना तर मुळीच नाही, ते दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावतील. मास्तरांना पहिला अर्क दिला तो जुन्या खड्यांचा होता, तू निवडून ठेवलेल्या बरणीतला. ती बरणी संपली. हेच मी तुला पहिल्या पत्रापासून लिहू बघत होते आणि प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाईंचंच कौतुक लिहून मोकळी होत होते.

तू म्हणालीस, "कधीपासून?" आणि, "कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवलंत?" आणि, "एकही बाटली देऊ नका." आणि ठेवलास. तू मला आई म्हटलं नाहीस, अहो म्हटलं नाहीस, काहीच म्हटलं नाहीस. मीही तुला चि.च्या पुढे काही म्हणत नाही. फिट्टंफाट.

आता पुढचं ऐक. मी तशीच चप्पल अडकवून आश्रमात धावले. मास्तर बाकावर बसले होते, जरा ओढलेले. मी विचारलं, "मास्तर, गुळण्या केल्यात?"

"केल्या की. पण थुंकायला बेसिनपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून गिळल्या."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. दोन दिवस तिथंच मुक्काम. बाई, माझं पोट वर्षानुवर्षं बसलेलं होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. अजून एक बाटली मिळेल का?"

मी त्यांच्या शेजारी बसून रडले. ते बिचारे गोंधळून मला साखरेचं पाणी देत होते, जे खरं तर त्यांनी प्यायचं होतं. प्यायला लावलं.

तिथून डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, नाकासकट. त्यांनी आधी मास्तरांना तपासलं, मग मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मास्तर हसले म्हणून निभावलं. त्यांच्या जागी एखादी नाजूक म्हातारी असती तर?" मी म्हटलं, "म्हणूनच आले." त्या म्हणाल्या, "कार्यक्रम रद्द. यापुढे जाणतं नाक हुंगून हो म्हणाल्याशिवाय तुमचा एक थेंब माझ्या पेशंटच्या तोंडात जाणार नाही. आणि ते नाक तुमचं नसेल."

म्हणजे दार बंद केलं नाही, पोरी. फट ठेवली. तुझ्या नाकाएवढी.

सगळ्या बरण्या मोरीत ओतल्या. माझ्याच हातानं माझ्या उत्साहावर बोळा फिरवला. मोरी आज स्वच्छ आहे, एवढाच फायदा. पण तुला खरं सांगू का? ओततानासुद्धा मी गुणगुणत होते. तू फोन केलास.

तीच

६ एप्रिल

चि.

तुझं कार्ड आलं. तीन वाक्यं. "पुडी पाठवा. हुंगून कळवते. मी येणार नाही."

शिंप्यानं वाचून तोंड पाडलं, म्हणाला, "काकू, नाहीच म्हणतेय की." मी म्हटलं, "तुला शिवण कळते, कागद कळत नाही. तीनातली दोन होकाराची आहेत." तू येणार नाहीस हे मी वाचलं, मला समजलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं, आणि मग पहिली दोन वाक्यं इतक्या वेळा वाचली की तिसरं लाजून बाजूला झालं. साबणाच्या कारखान्याला मी नावं ठेवली ती परत घेते. तुझं तिथे बस्तान बसलंय, चार माणसं तुझ्या नाकाला मान देतात, हे चांगलंच आहे. माझ्या बोळात तुला तोच मान मिळाला असता, पण माणसं मोजून एक. तीही भांडकुदळ.

घाऊकवाल्याकडे मी स्वतः गेले. बसनं. नवा माणूस खरंच अदबशीर आहे. मी त्याच्यापुढे त्याच्याच मालातला हिराबोळाचा खडा आणि काळ्या बोळाचा खडा शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, "हा माझा बोळ, हा तुझा बोळ. आता ओळख झाली?" तो ओशाळला, मीही ओशाळले, मग आम्ही दोघांनी चहा घेतला. आता फोनवर हिरा म्हटल्याशिवाय माल हलणार नाही असं ठरलंय.

खडेच आणलेत. पोतंभर, तीन महिने सहज पुरतील. दिसायला देखणे आहेत, पण माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. त्यातला एक खडा फोडून सोबत पुडी पाठवते. तू हो म्हणालीस तर कुटायला घेते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. रोज सकाळी चार वास समोर धरायचे आणि आठवत राहायचं, असा व्यायाम दिलाय. येईल म्हणाले, नाही असंही होईल म्हणाले. मी लवंग धरते आणि लवंग आठवते. लवंग सोपी आहे. बोळ आठवायला बसलं की मात्र वासाऐवजी तू आठवतेस, फळीवर चढून बरणी काढणारी.

तीच

२८ एप्रिल

चि.

तुझं "हो" मिळालं. एका अक्षराचं कार्ड टपालखात्याच्या इतिहासात पहिलंच असेल. मी ते डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "आमच्या दुकानाचं नाक. बाहेरगावी असतं." त्या हसल्या आणि कार्ड आपल्या फाइलला लावलं.

अर्क झाला, पाण्यात टाकला, दुधासारखा गढूळ झाला, आणि मी एकटी दुकानात टाळ्या वाजवल्या. बाटल्या दिल्या. मास्तरांनी सगळ्यांना वर्ग घेतल्यासारखं शिकवलं की गुळणी थुंकायची असते. शेवटच्या बाकावरच्या आजींचे ओठाआतले चट्टे भरले, त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि सोडेचनात. दोघांना गुण आला नाही, तेही बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी. हे सगळं तुला फोनवर सांगायचं होतं, पण तू पुडीला उत्तर देतेस, फोनला देशील की नाही भरवसा नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुडी पाठवली. "हो" आलं. तिसऱ्या आठवड्यात पाठवली. "हो" आलं.

आणि आज चौथ्या पुडीचं उत्तर आलं, चक्क पाच ओळींचं. ते मी इथे उतरवते, म्हणजे तुझ्याजवळही राहील.

"चारही पुड्या एकाच पोत्यातल्या आहेत. पोतं तीन महिने पुरेल एवढं आहे, हे तुम्हीच लिहिलं होतं. मला कळणार नाही असं वाटलं का, आई? लवंगेचा व्यायाम चालू ठेवा. पुढची पुडी सोमवारी पाठवा."

सोमवारला अजून आठवडा आहे गं. एवढा कोण थांबणार. पुडी सोबत आहे, पोतं तेच.

तुझी,
आई